‘सायन्स फ्रायडे’ : दर शुक्रवारी विज्ञानाच्या बातम्या सांगणारा रेडिओ कार्यक्रम, आणि तो मोबाईलवर कसा ऐकायचा

“आज रात्री १२.३० ते ३.३० फोन बंद ठेवा, मंगळावरून कॉस्मिक किरण येणार आहेत, फोन अंगाजवळ ठेवू नका” अशा अर्थाचा मेसेज तुम्हाला एकदा तरी आलाच असेल. खाली नासा आणि बीबीसीचं नाव ठोकून दिलेलं असतं. बरीच वर्षं हा मेसेज फिरतोय आणि अजून रिटायर झालेला नाही.

आमच्या घरी तो आला तेव्हा मी अकरावीत होते. आईने घरातले सगळे फोन बंद केले आणि पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवून वर झाकण लावलं. बाबा त्या रात्री बसने गावाहून परत येत होते. बस घाटात बंद पडली. ते तिथून एकसारखे फोन लावत होते आणि इकडे सगळे फोन डब्यात! सकाळी साडेसातला ते दारात उभे राहिले तेव्हा आई रडायचीच बाकी होती. मला मात्र वेगळंच लागून राहिलं. मेसेज खोटा आहे हे मला रात्रीच वाटत होतं. पण “का खोटा?” असं आईने विचारल्यावर मला दोन वाक्यंही बोलता आली नाहीत.

उत्तर सोपं आहे. कॉस्मिक किरण आज रात्री येणार नाहीत, कारण ते कायमच येत असतात. व्हिक्टर हेस या शास्त्रज्ञाने १९१२ साली बलूनमधून वर जाऊन ते शोधले. आपले होमी भाभाही याच किरणांवर काम करायचे. हे किरण वातावरणावर आदळले की त्यातून म्युऑन नावाचे कण तयार होतात, आणि जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो. तुमचा फोन टेबलावर आडवा ठेवला तर त्याचं क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे हा परिच्छेद वाचेपर्यंत त्यातून पन्नासएक म्युऑन आरपार गेलेसुद्धा. स्टीलच्या डब्याला तर ते भीकही घालत नाहीत.

हे सगळं मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी समजून घ्यायची सवय मला पुढे इंजिनिअरिंगला असताना लागली, ती एका रेडिओ कार्यक्रमामुळे. हा लेख त्या कार्यक्रमाबद्दल आहे. शिवाय तो तुमच्या फोनवर फुकटात आणि कमी डेटात कसा ऐकायचा, त्यामागे कोणतं तंत्रज्ञान आहे, तेही बघू.

सायन्स फ्रायडे म्हणजे काय?

सायन्स फ्रायडे हा अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओवरचा साप्ताहिक कार्यक्रम आहे. सूत्रसंचालक आयरा फ्लेटो. १९९१ साली तो सुरू झाला. दर शुक्रवारी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या घड्याळाप्रमाणे दुपारी २ ते ४, असा दोन तासांचा. आधी तो एनपीआरच्या ‘टॉक ऑफ द नेशन’ या रोजच्या कार्यक्रमाचा शुक्रवारचा भाग होता. २०१३ मध्ये ‘टॉक ऑफ द नेशन’ बंद झाला, पण त्याचा शुक्रवार मात्र जगला. घर पाडलं आणि एक खोली तेवढी उभी राहिली, असा प्रकार.

फ्लेटो स्वतः इंजिनिअरिंग शिकलेले. बफेलो शहरात विद्यार्थी असताना तिथल्या डब्ल्यूबीएफओ या केंद्रावर त्यांनी १९७० सालच्या पहिल्या ‘अर्थ डे’चं वार्तांकन केलं होतं. पुढे एनपीआरचे विज्ञान वार्ताहर झाले आणि टीव्हीवर ‘न्यूटन्स ॲपल’ हा मुलांचा विज्ञान कार्यक्रमही केला. तुम्ही ‘द बिग बँग थिअरी’ बघितली असेल तर त्यांचा आवाज तुमच्या कानावर पडलेला आहे. शेल्डन फोनवरून सायन्स फ्रायडेला मुलाखत देत असतो आणि क्रिपकी त्याच्या खोलीत हेलियम सोडतो, तो एपिसोड आठवतोय? मुलाखत घेणारे खरे आयरा फ्लेटो आहेत. त्या हेलियमकडे आपण परत येणार आहोत, लक्षात ठेवा.

कार्यक्रमाचा साचा साधा आहे. आठवड्यातल्या बातम्यांचा एक झटपट आढावा, मग एकेका विषयावर दहा-पंधरा मिनिटं किंवा थोड्या जास्त वेळाची चर्चा. विषय कुठलाही असू शकतो : मंगळावरची गाडी, डासांचं नाक, चॉकलेटचं रसायन, नवी लस. मला यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे, ज्याने संशोधन केलं तोच माणूस फोनवर असतो. “शास्त्रज्ञांच्या म्हणण्यानुसार” असं मोघम नाही. नाव, संस्था आणि स्वतःचा आवाज. दुसरी म्हणजे, श्रोत्यांचे प्रश्नही घेतले जातात. आणि श्रोत्यांचा प्रश्न पुष्कळदा तोच असतो जो आपल्याही डोक्यात आलेला असतो, पण “मूर्खासारखा वाटेल” म्हणून आपण गप्प बसलेलो असतो.

फोनवर येणारा शास्त्रज्ञ एक शब्द सतत वापरतो, “अजून माहीत नाही.” सुरुवातीला मला याचा वैताग यायचा. दोन तास ऐकायचं आणि शेवटी माहीत नाही? हळूहळू कळलं की त्या डब्यातल्या मेसेजमध्ये नेमका हाच शब्द नव्हता. तिथे सगळं पक्कं होतं : तारीख, तास, मिनिटं, ग्रह.

शुक्रवारच का?

हे मला फार उशिरा समजलं. विज्ञानाच्या बातम्यांनाही एक टाइमटेबल असतं.

मोठी संशोधन नियतकालिकं आपले लेख छापण्याआधी काही दिवस पत्रकारांना दाखवतात, पण अटीवर : ठरलेल्या वेळेआधी बातमी द्यायची नाही. याला एम्बार्गो म्हणतात. ‘नेचर’ची ठरलेली वेळ बुधवारी लंडनचे संध्याकाळचे ४. ‘सायन्स’ची वेळ गुरुवारी अमेरिकेच्या पूर्व भागातले दुपारचे २. म्हणून तर बुधवारी रात्री साडेआठ-साडेनऊच्या सुमारास सगळ्या न्यूज साइट्सवर एकदम एकच विज्ञानाची बातमी उगवते. कुणी कुणाची कॉपी केलेली नसते. सगळे घड्याळाकडे बघत बसलेले असतात.

आता शुक्रवार दुपार बघा. नेचर येऊन गेलं, सायन्स येऊन चोवीस तास झाले. पत्रकारांना लेख वाचायला आधीच वेळ मिळालेला आहे, आणि त्या अभ्यासात नसलेल्या दुसऱ्या शास्त्रज्ञाला “तुम्हाला हे पटतंय का?” असं विचारूनही झालेलं आहे. ताजी बातमी आणि थोडी थंड झालेली बातमी यांच्या मधली ही जागा आहे. मला तरी बातमी अशी किंचित निवलेलीच आवडते. चहासारखी.

या व्यवस्थेवर टीकाही होते. नियतकालिकं बातम्यांचा आठवडा आपल्या सोयीने ठरवतात, आणि लहान संशोधनं त्या गर्दीत मागे पडतात. ही टीका मला बरोबर वाटते. पण व्यवस्था माहीत असली की निदान आपल्या टाइमलाइनवर एकाच दिवशी तीच बातमी दहा वेळा का दिसते, ते तरी कळतं.

कानाने ऐकायची बातमी

“विज्ञान रेडिओवर? चित्रं नकोत का?” असं मला माझा रूममेट्सचा सगळा कंपू विचारायचा. त्यांना मी एक उदाहरण द्यायचे, ते इथेही देते.

११ फेब्रुवारी २०१६, गुरुवार. अमेरिकेतल्या लायगो प्रकल्पाने जाहीर केलं की गुरुत्वीय लहरी सापडल्या. लहर आली होती १४ सप्टेंबर २०१५ ला. सूर्याच्या साधारण ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत एक झाली, तीही १३० कोटी प्रकाशवर्षं लांब. ती लहर पृथ्वीवरून गेली तेव्हा लायगोच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजा प्रोटॉनच्या व्यासाच्या जेमतेम काही हजाराव्या भागांइतक्या अंतराने हलल्या. हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या दोन यंत्रांनी ती सुमारे सात मिलिसेकंदांच्या फरकाने पकडली.

आता यातली मजा अशी : त्या लहरीची वारंवारता साधारण ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली, एका सेकंदाच्या पाचव्या भागात. माणसाचा कान २० हर्ट्झपासून पुढचं ऐकतो. म्हणजे यंत्राने मोजलेला आलेख स्पीकरला जोडला की तो सरळ ऐकू येतो! ‘हूऽऽप’ असा छोटासा आवाज. शास्त्रज्ञ त्याला चिवचिवाट या अर्थाचा ‘चर्प’ हा शब्द वापरतात. ही मुळात हवेतून आलेली ध्वनिलहर नव्हे, हे खरं. पण तिचे आकडे कानाच्या पट्ट्यातच पडतात. अशी बातमी टीव्हीपेक्षा रेडिओला जास्त शोभते.

तुम्ही हा आवाज शोधून ऐकणार असाल तर एक सांगते : फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. मी पहिल्यांदा तेच केलं आणि नुसती ‘टक’ ऐकू आली. फोनचा स्पीकर नखाएवढा असतो. खालच्या वारंवारतेला जेवढी हवा ढकलावी लागते तेवढी त्याला ढकलता येत नाही, त्यामुळे दोनशे हर्ट्झच्या खालचं बरंचसं तो गिळून टाकतो. चर्पचा जवळजवळ सगळा भाग तिथेच आहे. साधे इअरफोन लावले की फरक लगेच कळतो. लायगोने यासाठी वारंवारता वर सरकवलेली दुसरी आवृत्तीही दिली आहे.

आणि हे सगळं दूर अमेरिकेतलं आहे असं समजू नका. असंच एक यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभं राहणार आहे. त्या घोषणेनंतर सहाच दिवसांनी, १७ फेब्रुवारी २०१६ ला, केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी दिली आणि २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटींच्या खर्चाला मान्यता मिळाली. पुण्याच्या आयुकामधले संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी गोंगाटातून असा क्षीण संकेत कसा वेचायचा यावर नव्वदच्या दशकापासून काम करत होते. लायगोला संकेत सापडला त्यात या पद्धतींचा वाटा आहे. औंढा नागनाथचं देऊळ आपल्याला माहीत असतं. शेजारी काय येतंय हे मात्र त्या भागातल्याच माझ्या एका मैत्रिणीला माझ्याकडून कळलं, आणि मला इअरफोनमधून.

इंटरनेटवर रेडिओ : १९९३ ची गोष्ट

टेक्नॉलॉजीच्या वाचकांसाठी हा भाग खास. सायन्स फ्रायडेचा २१ मे १९९३ चा कार्यक्रम इंटरनेटवरूनही लाइव्ह गेला. १९९३! भारतात सामान्य लोकांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. म्हणजे त्याच्याही दोन वर्षं आधी.

तेव्हा स्ट्रीमिंग नावाचा प्रकार आजच्यासारखा नव्हता. वापरलं गेलं ते एमबोन, म्हणजे इंटरनेटच्या आत बसवलेलं एक प्रायोगिक जाळं. कल्पना हुशार होती. आज हजार लोक एक गाणं लाइव्ह ऐकतात तेव्हा सर्व्हर हजार वेगळ्या प्रती पाठवतो. एमबोनमध्ये सर्व्हर एकच प्रत पाठवायचा आणि वाटेत जिथे फाटा फुटतो तिथेच तिची दुसरी प्रत व्हायची. याला मल्टिकास्ट म्हणतात. आपल्या गावातल्या पाण्याच्या लाइनसारखं : टाकीपासून प्रत्येक घराला वेगळा पाइप टाकत नाहीत, मुख्य लाइनीला फाटे काढतात.

मग हे सगळीकडे का नाही झालं? कारण मधल्या प्रत्येक राउटरला हे काम जमायला हवं, आणि इंटरनेट कंपन्यांना त्यात फारसा फायदा दिसला नाही. शेवटी जगाने उलटा मार्ग धरला. सगळीकडे सर्व्हर पेरले आणि फाइलच तुमच्या शहराजवळ आणून ठेवली. बुद्धीपेक्षा सिमेंट जिंकलं, असं मी याला म्हणते.

त्याच वर्षी कार्ल मालामुड यांनी ‘इंटरनेट टॉक रेडिओ’ सुरू केला होता. हेच मालामुड पुढे भारतीय मानकं सर्वांना मोफत वाचता यावीत म्हणून इथे कोर्टात लढले, आणि सॅम पित्रोदांबरोबर त्यांचं ‘कोड स्वराज’ हे पुस्तक आहे. असो, तो वेगळा लेख होईल.

लाइव्ह ऐकायचं की पॉडकास्ट?

लाइव्ह ऐकायचं असेल तर वेळ बघून घ्या. अमेरिकेत उन्हाळी घड्याळ असतं तेव्हा (मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत) कार्यक्रम आपल्याकडे शुक्रवारी रात्री ११.३० ला सुरू होतो. एरवी मध्यरात्रीनंतर १२.३० ला. हो, अगदी त्या मेसेजमधलीच वेळ! कार्यक्रम घेणाऱ्या रेडिओ केंद्रांच्या वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये लाइव्ह बटण असतं. काही केंद्रं तो त्यांच्या सोयीच्या दुसऱ्या वेळी लावतात, तेवढं तपासा.

लाइव्ह स्ट्रीम म्हणजे खरं तर काही सेकंदांच्या छोट्या फाइलींची रांग असते. तुमचा फोन पुढच्या दोन-चार फाइली आधीच आणून ठेवतो, म्हणजे नेटवर्क क्षणभर गेलं तरी आवाज तुटत नाही. याची किंमत अशी की तुम्ही ऐकता ते वीस-तीस सेकंद जुनं असू शकतं. एफएमवर हा उशीर नसतो. क्रिकेटची कॉमेंट्री ॲपवर ऐकताना शेजारच्यांचा आरडाओरडा आधी येतो, तो याचमुळे.

पण खरं सांगू? मी लाइव्ह वर्षातून दोनदा ऐकत असेन. बाकी सगळं पॉडकास्ट. सायन्स फ्रायडेचे भाग पॉडकास्ट म्हणून छोट्या तुकड्यांत मिळतात, त्यामुळे दोन तास सलग बसायची गरज नाही.

पॉडकास्ट म्हणजे काय हे बऱ्याच जणांना “अमुक ॲपमधली गोष्ट” एवढंच माहीत असतं. प्रत्यक्षात तो एक साधा मजकुराचा पत्ता आहे. कार्यक्रमवाले आपल्या सर्व्हरवर एक फाइल ठेवतात, तिला आरएसएस फीड म्हणतात. त्यात प्रत्येक भागाचं नाव, तारीख, माहिती आणि एमपी३ फाइल कुठे ठेवली आहे ती लिंक असते. डेव्ह वायनर यांनी २००० च्या सुमारास आरएसएसमध्ये ऑडिओ फाइलची लिंक जोडायची सोय केली आणि त्यावर हे सगळं उभं राहिलं. तुमचं ॲप दर काही तासांनी त्या पत्त्यावर जाऊन विचारतं, “काही नवीन?” असलं तर फाइल उतरवून घेतं. बस्स. वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोऱ्यासारखं, फक्त इथे पोऱ्या आपल्या घरातला आहे आणि तोच छापखान्यात जाऊन बघून येतो.

याचा फायदा मला एकदा चांगलाच कळला. मी ज्या ॲपवर ऐकायचे ते बंद पडलं. सबस्क्राइब केलेले चाळीसेक कार्यक्रम गेले असं वाटून मी हबकले होते. पण कार्यक्रम ॲपमध्ये नव्हतेच, फीडमध्ये होते. बंद होण्याआधी ॲपमधून ओपीएमएल नावाची एक फाइल बाहेर काढायची मुदत दिली होती. ती म्हणजे फक्त फीडच्या पत्त्यांची यादी. दुसऱ्या ॲपमध्ये ती टाकली आणि दोन मिनिटांत सगळं जागेवर. तेव्हापासून एक नियम पाळते : ज्या ॲपमध्ये फीडचा पत्ता हाताने टाकता येत नाही किंवा यादी बाहेर काढता येत नाही, त्यावर अवलंबून राहायचं नाही. अँड्रॉइडवर मी अँटेनापॉड वापरते. मोफत आहे, ओपन सोर्स आहे, अकाउंट मागत नाही. आयफोनवाल्यांना ॲपल पॉडकास्ट्स आधीच दिलेलं असतं. सर्चमध्ये इंग्रजीत सायन्स फ्रायडे टाइप करा, कार्यक्रम आपल्या यादीत जोडा, झालं.

डेटा किती जातो?

याचा हिशोब स्वतः करता येतो. ऑडिओची गुणवत्ता किलोबिट्स प्रति सेकंद या मापात सांगतात. १२८ किलोबिट्सची फाइल सेकंदाला १६ किलोबाइट खाते, म्हणजे तासाला साधारण ५८ एमबी. ६४ किलोबिट्सची असेल तर २९ एमबी. बोलण्यासाठी ६४ पुरतं, कारण माणसाच्या आवाजात गाण्याइतके तपशील नसतात. तुलनेला, दोन मेगाबिट्सचा व्हिडिओ तासाला ९०० एमबी घेतो. एका तासाच्या व्हिडिओत पंधरा तासांचं रेडिओ विज्ञान बसतं! ज्यांचा दीड जीबीचा डेली पॅक रात्री दहालाच संपतो त्यांनी हे आकडे मनावर घ्यावेत.

सेटिंगमध्ये ‘फक्त वायफायवर डाउनलोड’ चालू ठेवा आणि ऐकून झालं की फाइल आपोआप पुसली जाईल असं ठेवा. मी शनिवारी सकाळी हॉस्टेलच्या वायफायवर डाउनलोड करायचे आणि आठवडाभर लोकलमध्ये ऐकायचे. बोगद्यात नेटवर्क जातं, डाउनलोड केलेली फाइल कुठे जात नाही.

इंग्रजी कळत नाही, तर?

हा खरा अडथळा आहे, उगाच “सोपं आहे” म्हणणार नाही. मी मराठी माध्यमातली. पहिले दोन महिने मला निम्मं कळत नव्हतं. अमेरिकन माणूस शब्दांची टोकं खातो.

तीन गोष्टींनी मदत झाली. कार्यक्रमाच्या वेबसाइटवर भागांचा लिखित मजकूर मिळतो. आधी तो भराभर नजरेखालून घालायचा आणि मग ऐकायचं. दुसरं, बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमध्ये लाइव्ह कॅप्शन आहे. आवाजाचं बटण दाबलं की खाली कॅप्शनचं चिन्ह दिसतं, ते चालू केलं की फोनमध्ये वाजणाऱ्या इंग्रजी आवाजाची अक्षरं स्क्रीनवर येतात. काम फोनच्या आतच होतं, त्यामुळे इंटरनेट लागत नाही. चुका करतं, पण शास्त्रीय शब्द पकडायला आधार मिळतो.

तिसरी गोष्ट म्हणजे वेग. ॲपमध्ये ०.८ करा. इथे तो हेलियम आठवा. जुन्या टेपचा वेग कमी केला की आवाज जाडा व्हायचा, वाढवला की उंदरासारखा, कारण वेग आणि सूर एकत्र बांधलेले होते. फोनचं ॲप मात्र आवाजाचे काही मिलिसेकंदांचे तुकडे करतं आणि ते एकमेकांवर थोडे चढवून किंवा लांबवून पुन्हा जोडतं. त्यामुळे वेळ बदलते पण सूर तोच राहतो. हेलियममध्ये तिसराच प्रकार घडतो. हेलियममध्ये आवाज हवेच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जातो. स्वरयंत्राच्या पट्ट्या होत्या तशाच थरथरतात, पण घसा आणि तोंड यांच्या पोकळीत जे सूर घुमतात ते वर सरकतात. म्हणून शेल्डनचा सूर फारसा न बदलता आवाजाचा पोत बदलतो. (घरी करून बघू नका. हेलियम फुफ्फुसात गेला की ऑक्सिजनची जागा घेतो आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो.)

आणखी कुठे?

सायन्स फ्रायडे हा एकटाच नाही. कॅनडाच्या सीबीसीवरचा ‘क्वर्क्स अँड क्वार्क्स’ आणि ऑस्ट्रेलियाच्या एबीसीवरचा ‘द सायन्स शो’, दोन्ही १९७५ पासूनचे. कॅनडावाल्यांचं बोलणं मला सर्वांत स्पष्ट वाटतं, नवख्यांनी तिथून सुरुवात केली तरी चालेल.

आपल्याकडेही रेडिओने हे काम मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. नव्वदच्या दशकात आकाशवाणीने ‘मानव का विकास’ ही १४४ भागांची विज्ञान मालिका १८ भाषांमध्ये प्रसारित केली होती. आकाशवाणीची केंद्रं आज न्यूज ऑन एआयआर या ॲपवर लाइव्ह ऐकता येतात, त्यात मराठी केंद्रंही आहेत. फोनमध्ये एफएम चिप असेल तर डेटाही लागत नाही, फक्त वायरवाले इअरफोन लावावे लागतात, कारण ती वायरच अँटेना असते. एफएमची लहर साधारण तीन मीटर लांब, तिचा चौथा हिस्सा पाऊण मीटर, आणि इअरफोनची वायर त्याहून थोडी लांबच, म्हणजे अँटेनाच्या कामाला पुरेशी. ब्लूटूथवर एफएम का चालत नाही, याचं उत्तर हे.

गेल्या महिन्यात आईने मला एक मेसेज पाठवला. कुठल्याशा फळाच्या बियांनी कॅन्सर बरा होतो, असं काहीतरी. खाली तिने स्वतः टाइप केलं होतं, “कोणी शोधलं ते लिहिलं नाहीये. उंदरावर की माणसावर ते पण नाही. बघ जरा.” मी विचारलं, फोन डब्यात नाही ना ठेवला? तिने रागावलेलं तोंड पाठवलं.